अ‍ॅबटचें चित्रहस्तलिखित व सर्जिओलस वंशांतील दोन नांवें

अस्सल कागद गहाळ झाला आणि नक्कल तेवढी हातीं उरली, तर त्या नक्कलेवर किती भार टाकावा, हा प्रश्न दप्तरें चाळणाऱ्या प्रत्येकास केव्हां ना केव्हां पडतोच. नक्कलेवर ‘असल बरहुकूम’ असा शेरा असला तरी तो शेरा लिहिणाराचा हात आपण पाहिलेला नसतो; आणि शेराहि नसला म्हणजे बोलावयासच नको. हाच प्रश्न इतिहासाच्या क्षेत्राबाहेर, प्राणिशास्त्रांत, दीर्घकाळ वादाचा विषय होऊन राहिला होता, आणि तो वाद एका हस्तलिखितावरून माजला होता, ही गोष्ट आमच्या संग्राहक मित्रांपैकीं फार थोड्यांस ठाऊक असेल. म्हणून ती हकीकत येथें थोडक्यांत देण्याचें योजिलें आहे.

प्रथम एक खुलासा. कोळी म्हटल्याबरोबर आमच्या वाचकांपुढें महादेव कोळी व त्यांचे नाईक उभे राहतील. येथें ज्यांचा विचार कर्तव्य आहे ते आठ पायांचे कोळी होत. आणि त्यांतहि जाळें विणून भक्ष्याची वाट पाहत बसणारे नव्हत. नॅफोसिडी नांवाचें कोळ्यांचें एक मोठें कुल आहे. या कुलांतील बहुतेक कोळी दिवसा दगडाखालीं, झाडाच्या सालीखालीं किंवा पाचोळ्यांत रेशमाची लहानशी पिशवी करून तींत दडून राहतात, आणि रात्रीं जमिनीवर धावून शिकार साधतात. रंगानें ते बहुधा मातकट, उंदरी अथवा काळे. दोन जाति शेजारीं शेजारीं ठेवल्या तरी उघड्या डोळ्यांस त्यांतील भेद पुष्कळदां दिसत नाहीं. भेद असतो तो नराच्या स्पर्शपादाच्या टोंकाशीं आणि मादीच्या पोटाखालीं, जननेंद्रियांच्या घडणींत. व तो पाहावयास सूक्ष्मदर्शक यंत्र लागतें. हा मुद्दा वाचकांनीं ध्यानांत ठेवावा. पुढील सर्व वादाची किल्ली यांतच आहे.

अशा या मातकट कुलांत सर्जिओलस हा वंश मात्र नटवा आहे. एझेन सिमों या फ्रेंच पंडितानें १८९२ सालीं तो स्थापन केला. त्यांतील पुष्कळशा जातींच्या काळ्या उदरावर पांढरे पट्टे किंवा ठिपके असतात. कॅप्युलेटस या जातींत तर डोकें, छाती व पायांचा बराच भाग नारिंगी-तांबडा असतो. लांबी बोटाच्या पेराएवढीहि नाहीं. पण पाचोळ्यांतून धावूं लागला म्हणजे एकदम डोळ्यांत भरतो. गांधीलमाशांचा एक वर्ग असा आहे कीं ज्यांच्या माद्यांस पंख नसतात व ज्या केसाळ मुंगीसारख्या दिसून जबर नांगी मारतात. त्यांचें सोंग हा कोळी घेतो असें कांहीं शास्त्रज्ञांचें मत आहे. वंशाचें मुख्य ठाणें उत्तर अमेरिका; कांहीं जाति पूर्व आशियांतून व कांहीं आमच्या हिंदुस्थानांतूनहि नोंदल्या गेल्या आहेत. त्यांपैकीं एकीचा पुण्याशीं संबंध आहे. तो विषय पुढें येईल.

या वंशांतील दोन अमेरिकन जातींचीं नांवें, कॅप्युलेटस व ऑसेलेटस, १८३७ सालचीं आहेत. नांवें देणारा पारीसचा. ज्या चित्रांवरून जॉर्जिया प्रांतांतील कोळ्यांचीं नांवें त्यानें दिलीं, तीं चित्रें १७९२ सालचीं आणि कधींहि न छापलेलीं. आणि ज्या कोळ्यांचीं तीं चित्रें, ते कोळी आज कोठेंहि नाहींत.

चित्रकार जॉन अ‍ॅबट हा मूळ लंडनचा, जन्म १७५१ चा. बाप वकिलीच्या धंद्यांतला. मुलानेंहि तेंच करावें हें ओघानेंच आलें. पण मुलाचें चित्त फुलपांखरांत. १७७३ सालीं, म्हणजे इकडे शनवारवाड्यांत नारायणरावांचा खून झाला त्याच वर्षीं, हा बावीस वर्षांचा तरुण कीटक गोळा करण्याच्या हेतूनें समुद्र ओलांडून व्हर्जिनियास गेला. तेथें इंग्रजी अमलाविरुद्ध हवा तापूं लागली तसा १७७५ च्या अखेरीस तो दक्षिणेकडे जॉर्जियांत सरकला, आणि १८४० च्या सुमारास मृत्यु येईपर्यंत त्याच प्रांतांत राहिला. कीटक पकडावा, त्याचें जलरंगी चित्र काढावें, आणि नमुने व चित्रें लंडनास धाडावीं, असा त्याचा क्रम. लंडनांत जॉन फ्रान्सिलन नांवाचा एक जवाहिऱ्या होता. तो स्वतः कीटकांचा षोकी असून अ‍ॅबटच्या मालाची विक्री तोच करी. १७९७ सालीं सर जेम्स एडवर्ड स्मिथ यानें अ‍ॅबटच्या चित्रांवरून जॉर्जियांतील दुर्मिळ फुलपांखरें व पतंग यांवर दोन भव्य खंड काढले, आणि ते आजहि जुन्या ग्रंथांच्या बाजारांत मोठ्या किंमतीस जातात.

कोळ्यांस मात्र असें गिऱ्हाईक कोठलें? अ‍ॅबटनें काढलेलीं कोळ्यांचीं चित्रें हस्तलिखितांतच राहिलीं. या हस्तलिखितांत शेंकड्यांनीं चित्रें असून त्यांस अनुक्रमांक घातलेले आहेत. कोळी कोठें व केव्हां मिळाला याच्या टिपा आहेत. शास्त्रीय लॅटिन नांवें नाहींत. कोळी पाठीकडून पाहून काढलेले आहेत. रंग सुरेख, पायांचें प्रमाण नेटकें, पट्टे व ठिपके जेथल्या तेथें. हें हस्तलिखित सध्यां लंडन येथील नैसर्गिक इतिहासाच्या संग्रहालयाच्या ग्रंथालयांत जतन केलेलें आहे.

मूळ कोळ्यांचें काय झालें, असें कोणी विचारील. टांचणीस लावून वाळविलेलें फुलपांखरूं नीट जपलें तर शंभर-दोनशें वर्षें टिकतें. कोळ्याचें पोट मऊ असतें. तें वाळलें कीं आक्रसतें, रंग उडतो, आणि पाहण्यासारखें कांहीं राहत नाहीं. त्यास मद्यार्कांत बुडवून ठेवावें लागतें. अ‍ॅबटनें रंगविलेल्या कोळ्यांपैकीं पुढील संशोधकांस पाहावयास एकहि मिळालेला नाहीं. अस्सल गेलें, चित्र राहिलें.

याच सुमारास आमच्या पुण्यांतहि एक चित्रकार असेंच काम करीत होता, याचें येथें स्मरण होतें. इंग्रजांचा वकील चार्लस मॅलेट याच्यासाठीं गंगाराम चिंतामण तांबट यानें पेशव्यांच्या शिकारखान्यांतील गेंड्याचें चित्र नोव्हेंबर १७९० मध्यें काढलें. तें आज अमेरिकेंत येल विद्यापीठाच्या कलासंग्रहांत आहे. गंगारामाचा गेंडाहि आज नाहीं. पण तें चित्र पाहून तो गेंडाच होता याविषयीं कोणास शंका येत नाहीं. कारण गेंडा ओळखावयास सूक्ष्मदर्शक लागत नाहीं. चित्राची साक्ष किती घ्यावी हें चित्रकाराच्या प्रामाणिकपणावर जितकें अवलंबून, तितकेंच चित्रित वस्तूच्या स्वभावावरहि अवलंबून असतें, हें या दोन समकालीन चित्रांवरून दिसून येईल.

आतां नांवें देणाराकडे वळूं. शार्ल आतानाझ वाल्कनेर (१७७१–१८५२) हा पुरुष आमच्या वाचकांस परका वाटूं नये, कारण तो अगदीं आमच्याच पंथांतला. जुने नकाशे, जुने ग्रंथ, प्राचीन भूगोल यांचा त्यास मोठा नाद. ला फोंतेन या फ्रेंच कवीचें चरित्र त्यानें लिहिलें. शिलालेख व वाङ्मय यांची जी फ्रेंच विद्वत्सभा, तिचा तो १८४० पासून कायमचा चिटणीस होता. कोळी हा त्याचा फावल्या वेळचा, पण आयुष्यभर पुरलेला छंद. पारीसच्या आसपासच्या प्राण्यांवरील त्याचें पुस्तक १८०२ चें आहे.

याच वाल्कनेरला १८३२ सालीं पारीसमधील एका दुकानांत चामड्यावर काढलेला एक जुना नकाशा मिळाला. पाहतां पाहतां कळून आलें कीं हा हुआन दे ला कोसा याचा १५०० सालचा जगाचा नकाशा. कोलंबसाबरोबर स्वतः गेलेल्या खलाशानें केलेला, आणि अमेरिकेचा किनारा दाखविणाऱ्या उपलब्ध नकाशांत सर्वांत जुना. हुंबोल्टसारख्या पंडितानें त्याचा अभ्यास करून त्याची महती जगास सांगितली. वाल्कनेरच्या मृत्यूनंतर, १८५३ सालीं, स्पेनच्या सरकारनें तो विकत घेतला, आणि तो आज माद्रिद येथील आरमारी संग्रहालयांत आहे. जुन्या बाजारांत फिरणाऱ्या आमच्या मित्रांस ही कथा ऐकून हुरूप येईल यांत शंका नाहीं.

अशा मर्मज्ञ मनुष्यापुढें अ‍ॅबटचें हस्तलिखित आलें तेव्हां त्याची किंमत त्यास तत्काळ कळली. बिनपंखी कीटकांच्या नैसर्गिक इतिहासावर त्याचा मोठा ग्रंथ निघत होता (कोळ्यांस त्या काळीं कीटकांतच गणीत). १८३७ सालीं प्रसिद्ध झालेल्या पहिल्या खंडांत व पुढील खंडांत त्यानें जॉर्जियाच्या अनेक कोळ्यांस लॅटिन नांवें दिलीं. पद्धत अशी : चित्र पाहावयाचें, त्याचें फ्रेंच भाषेंत वर्णन करावयाचें, नांव ठेवावयाचें, आणि खालीं अ‍ॅबटच्या हस्तलिखितांतील अनुक्रमांक नमूद करावयाचा. वाचकाच्या हातीं येतें तें वर्णन व एक आंकडा. चित्र छापलेलें नाहीं. म्हणजे कोळ्याची नक्कल अ‍ॅबटनें केली, त्या नक्कलेची शाब्दिक नक्कल वाल्कनेरनें केली, आणि नांव चिकटलें तें या दुसऱ्या नक्कलेस.

यांत वाल्कनेरनें कांहीं लपविलें असें मात्र नव्हे. आपला आधार कोणता, हें त्यानें प्रत्येक ठिकाणीं अनुक्रमांकासह लिहून ठेविलें. आमच्याकडील कित्येक बखरकारांनीं इतकी काळजी घेतली असती तर आम्हांस आज किती वर्षें वाचवितां आलीं असतीं!

इकडे अमेरिकेंत त्याच वेळीं दुसरा एक गृहस्थ प्रत्यक्ष कोळी पकडून त्यांचा अभ्यास करीत होता. निकोलस मार्सेलस हेंट्झ हा जन्मानें फ्रेंच, १७९७ सालीं व्हर्सायला जन्मलेला; अमेरिकेंत येऊन फ्रेंच भाषा शिकवून पोट भरणारा. उत्तर कॅरोलिनाच्या विद्यापीठांत कांहीं वर्षें अध्यापक होता. नंतर पत्नीसह गांवोगांव शाळा चालवीत हिंडला. पत्नी कॅरोलिन ली हेंट्झ ही त्या काळची लोकप्रिय कादंबरीकर्त्री. शाळेचें ओझें संभाळून या शिक्षकानें दक्षिण अमेरिकन संस्थानांतील कोळी जमविले, त्यांच्या संवयी टिपल्या, चित्रें काढलीं, आणि १८४२ ते १८५० या काळांत बोस्टनच्या सृष्टिविज्ञान सभेच्या नियतकालिकांत आपलें संशोधन क्रमशः छापलें. अमेरिकेंतील कोळ्यांच्या अभ्यासाचा पाया त्यानें घातला असें सर्व मान्य करतात. ज्या नटव्या भूचर कोळ्याची गोष्ट चालली आहे त्यास त्यानें १८४७ सालीं ‘व्हेरिएगेटस’ म्हणजे चित्रविचित्र असें नांव दिलें. नांव समर्पक, वर्णन प्रत्यक्ष पाहून केलेलें. पुष्कळ वर्षें अमेरिकेंत हेंच नांव प्रचारांत होतें.

पण प्राणिशास्त्राच्या नामकरणाचा कायदा मोठा करडा आहे. एकाच प्राण्यास दोन नांवें मिळालीं तर आधींचें खरें, मागाहूनचें रद्द. गुण पाहावयाचे नाहींत, तारीख पाहावयाची. आणि तारीखहि कधीं कधीं कायद्यानें ठरवावयाची : कार्ल क्लेर्क याचा स्वीडनच्या कोळ्यांवरील ग्रंथ १७५७ सालीं छापला गेला, तसें मुखपृष्ठावर स्वच्छ आहे, तथापि प्राणिनामांचा शक १ जानेवारी १७५८ पासून मोजावयाचा असल्यामुळें तो ग्रंथ त्याच दिवशीं प्रसिद्ध झाला असें मानावें, असा नियम केलेला आहे. शकावल्यांशीं झुंजणाऱ्या आमच्या मंडळींस अशा सोयीचा हेवाच वाटेल. असो. वाल्कनेरचें नांव १८३७ चें, हेंट्झचें १८४७ चें. जर दोघांचा कोळी एकच असेल, तर दहा वर्षांच्या फरकानें हेंट्झ हरला. आणि दोघांचा कोळी एकच आहे कीं नाहीं हें सांगणार कोण? तर एक हस्तलिखित, तें हेंट्झनें कधीं पाहिलें नाहीं.

कित्येक वर्षें हा प्रश्न निजून राहिला, कारण अमेरिकन अभ्यासकांपैकीं हस्तलिखित कोणाच्याच डोळ्यांखालून गेलेलें नव्हतें. फिलाडेल्फियाचा एक धर्मोपदेशक डॉ. हेन्री मॅक्कुक यास कोळ्यांचें वेड होतें. त्यानें लंडनास जाऊन अ‍ॅबटचें हस्तलिखित धुंडून काढलें, वाल्कनेरनें दिलेले अनुक्रमांक चित्रांशीं ताडून पाहिले, आणि १८८८ सालीं निबंध लिहून प्रतिपादिलें कीं हीं चित्रें ओळखतां येण्याजोगीं आहेत. सबब वाल्कनेरचीं नांवें अग्रहक्कानें मान्य केलीं पाहिजेत. त्याच वर्षीं जेम्स एमर्टन यानें विरुद्ध पक्ष घेतला. एमर्टन हा कोळ्यांचा अभ्यासक तर होताच, शिवाय तो स्वतः निष्णात चित्रकारहि होता. चित्रांत काय उतरतें व काय उतरत नाहीं हें त्याच्याइतकें कोणास कळणार? ज्या पक्षाचा तो होता त्या पक्षाचें म्हणणें आमच्या शब्दांत सांगावयाचें तर असें : ज्यानें कोळी पाहिला नाहीं त्यानें नांव ठेवावें, आणि ज्यानें पाहिला, पकडला, छापला त्याचें नांव पुसून टाकावें, हा न्याय नव्हे.

आम्हांस या वादांत सहानुभूति कोणाविषयीं वाटते हें सांगावयास नको. गांवोगांव शाळा बदलीत फिरणारा तो शिक्षक डोळ्यांपुढें येतो. आणि दैव असें कीं हेंट्झचा स्वतःचा संग्रहहि पुढें किडींनीं खाऊन नष्ट झाला. त्याच्या बाजूनेंहि अखेर चित्रें व वर्णनेंच उरलीं. अस्सल दोघांकडेहि नाहीं!

पुढें १९४४ सालीं युटा विद्यापीठांतील चेंबरलिन व आयव्ही या दोघांनीं जॉर्जिया प्रदेशांतील कोळ्यांवर एक ग्रंथ काढला. अ‍ॅबटच्या चित्रांच्या छायाप्रती मिळवून त्यांनीं एकेक चित्र त्या प्रदेशांत आज सांपडणाऱ्या कोळ्यांशीं जुळविण्याचा यत्न केला, आणि वाल्कनेरचीं कित्येक विसरलेलीं नांवें पुन्हा जागीं केलीं. हें काम श्रमाचें होतें, पण त्यांत धाडसहि पुष्कळ होतें. १९६१ सालीं हर्बर्ट लेव्ही व त्याची पत्नी लॉर्ना यांनीं त्याच चित्रांवर स्वतंत्र टिपण लिहून परीक्षण केलें. पुढील संशोधकांनीं या ओळखी एकेक करून तपासल्या, तेव्हां कांहीं टिकल्या व कांहींची गणना ‘संदिग्ध’ म्हणून बाजूस ठेवलेल्या नांवांत झाली. कारण वर सांगितलेंच आहे : मातकट कोळी पाठीकडून कितीहि हुबेहूब रंगविला, तरी त्यासारखे दिसणारे आणखी चार निघतात, आणि त्यांस वेगळें करणारी खूण पोटाखालीं राहते.

सर्जिओलसची गोष्ट निराळी घडली. न्यूयॉर्क येथील अमेरिकन नैसर्गिक इतिहास संग्रहालयांतील नॉर्मन प्लॅट्निक व मोहंमद शादाब यांनीं या कुलांतील अमेरिकन वंशांची एकामागून एक फेरतपासणी चालविली होती. सर्जिओलसची पाळी १९८१ सालीं आली. त्या तपासणींत वाल्कनेरचीं कॅप्युलेटस व ऑसेलेटस हीं दोन्ही नांवें कायम राहिलीं, आणि हेंट्झचें व्हेरिएगेटस हें कॅप्युलेटसचें पर्यायनाम म्हणून खालीं गेलें. नांवें टिकण्याचें कारण आमच्या मतें एकच : या वंशांतील कोळी आपली ओळख पाठीवर मिरवितात. पट्टा कोठें आहे, किती रुंद आहे, कोठें तुटला आहे, डोक्याचा रंग कोणता, हें सर्व अ‍ॅबटच्या कुंचल्यानें टिपतां येण्यासारखें होतें, आणि त्यानें तें टिपलें. तोच अ‍ॅबट, तोच कुंचला, तेंच हस्तलिखित. परंतु मातकट कोळ्याविषयीं त्याची साक्ष अपुरी पडते आणि नटव्या कोळ्याविषयीं ती पुरते. हस्तलिखित ‘विश्वसनीय’ किंवा ‘अविश्वसनीय’ असा एकच छाप सबंध पोथीवर मारण्याची जी खोड आमच्यांत आहे, तिला यांत उत्तर मिळतें. एकाच बखरीला आरमाराविषयीं प्रमाण मानावें व तिथींविषयीं मानूं नये, असें घडूं शकतें. आणि त्यांत विसंगति कांहीं नाहीं.

कायद्यानें या प्रकरणीं घेतलेली भूमिका फार सूक्ष्म आहे, व ती आमच्या वाचकांस विशेष आवडेल असें वाटतें. प्राणिनामकरणाच्या आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणें (चवथी आवृत्ति, १९९९) एखादें नांव चित्रावर आधारलेलें असेल, तर त्या नांवाचें प्रमाण चित्र नव्हे. चित्रांत जो प्राणी दाखविला आहे तो प्राणी प्रमाण. तो प्राणी आज अस्तित्वांत नसला तरी नियम बदलत नाहीं. म्हणजे लंडनचें तें मोलाचें हस्तलिखित कायद्याच्या दृष्टीनें साक्षीदार आहे, अस्सल नव्हे. अस्सल म्हणजे जॉर्जियाच्या रानांत १७९२ पूर्वीं धावणारा आणि कधींच मातीस मिळालेला तो एक कोळी. आवश्यकता भासली तर त्याच्या जागीं नवा नमुना निवडून त्यास प्रमाणत्व द्यावें, अशीहि तरतूद नियमांत आहे. पण चित्रास तें द्यावयाचें नाहीं.

येथें वाल्कनेरचा तो नकाशा पुन्हा आठवतो. दे ला कोसाचें चामडें हेंच अस्सल. त्याच्या मागें आणखी दुसरें अस्सल शोधावयास नको. नकाशा चुकीचा असला तरी तो १५०० सालचा नकाशाच राहतो, आणि चूकहि इतिहासाचें साधन होते. अ‍ॅबटचें पान तसें नाहीं. तें कलाकृति म्हणून अस्सल आहे. कोळी म्हणून नक्कल आहे. एकाच संग्राहकाच्या हातून दोन्ही गेलीं, आणि दोहोंवर त्यानें सारखाच विश्वास टाकला, एवढीच काय ती त्याची चूक म्हणावयाची.

हा वाद जुना झाला असें मात्र कोणीं समजूं नये. २०१५ सालीं दक्षिण आफ्रिकेंतील एका माशीस, एकहि नमुना न ठेवतां, केवळ छायाचित्रांवरून नवीन जाति म्हणून नांव देण्यांत आलें. त्यावर मोठा गदारोळ उठून पुढच्या वर्षीं सुमारें पांचशें शास्त्रज्ञांनीं सह्या करून निषेध प्रसिद्ध केला. कुंचल्याची जागा यंत्रानें घेतली इतकेंच. अ‍ॅबट व वाल्कनेर यांचेंच प्रकरण नव्या अंगरख्यांत पुढें आलें.

आतां पुण्याचा संबंध. भारतीय प्राणिसर्वेक्षण खात्याची पश्चिम विभागाची कचेरी पुण्यास आहे. तेथें बी. के. टिकादार यांनीं कोळ्यांचा अभ्यास नेटानें चालविला. भूचर कोळ्यांवरील त्यांचें विवेचन ‘भारताचे प्राणी’ या सरकारी इंग्रजी ग्रंथमालेंत कोळ्यांच्या दुसऱ्या खंडांत १९८२ सालीं निघालें. त्यापूर्वीं १९७६ सालीं टिकादार व गजबे यांनीं सर्जिओलस वंशांत जीं नवीं नांवें घातलीं त्यांत मेघालयावरून मेघालयेन्सिस व पुण्यावरून पूनाएन्सिस हीं होतीं. पुढें १९९९ सालीं जबलपूरजवळच्या नर्मदेवरील लम्हेटाघाटाचें नांव आणखी एका जातीस मिळालें. पुणें शहराचें नांव अनेक जिनसांस चिकटलें आहे. त्यांत दगडाखालीं राहणाऱ्या एका कोळ्याचीहि भर पडली, हें आमच्यापैकीं कितीजणांस ठाऊक होतें?

या पुणेरी जातीपाशीं जें आहे तें वाल्कनेरच्या जातींपाशीं नव्हतें : सूक्ष्मदर्शकाखालीं पाहून केलेलें वर्णन, जननेंद्रियांच्या आकृति, आणि मद्यार्कांत राखलेला प्रमाण नमुना. उलट अमेरिकन जातींपाशीं जें आहे तें हिच्यापाशीं नाहीं. तें म्हणजे पुढील दीडशें वर्षांची वादविवादांनीं घासून निघालेली तपासणी. हिंदुस्थानांतील या जाति मूळ अमेरिकन वंशांतच मोडतात, कीं दिसण्यांतील साम्यामुळें तेथें नेऊन बसविल्या गेल्या आहेत, हें प्रमाण नमुने व अमेरिकन नमुने शेजारीं ठेवून पुन्हा पाहिलें जावें असें आम्हांस वाटतें. अस्सल उपलब्ध असतां तें उघडून न पाहणें हा दोष दप्तरांच्या बाबतींत आम्हीं पुष्कळदां केला आहे; येथें तर कुलूप काढून बाटली उजेडांत धरावयाची, इतकेंच काम आहे.